तिसरा पाद : घरच्या रुग्णासाठी योग्य परिचारकाची निवड

चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी पहिल्याच वर्षी पाठ केले. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. पुढे व्यवसायात पडल्यावर पहिल्या दोन पादांकडे आपले लक्ष सतत राहते. निदान अचूक व्हावे म्हणून आपण परिश्रम घेतो, औषध उत्तम मिळावे म्हणून निर्माता पारखून घेतो. रोगी तर समोरच असतो. मात्र तिसरा पाद, उपस्थाता, बहुधा चिकित्सालयाच्या दाराबाहेर उभा असतो. चिठ्ठीवर औषध, मात्रा, काल, अनुपान व पथ्य हे सर्व लिहिले जाते. ते प्रत्यक्षात कोण करणार, हे लिहिले जात नाही. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या बाबतीत मात्र चिकित्सेचे यश बव्हंशी याच न लिहिलेल्या ओळीवर अवलंबून असते.

किनवटसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न आता वैद्याला आणि औषध दुकानदाराला वारंवार विचारला जातो. "आईला सांभाळायला एखादी बाई मिळेल का?" किंवा "वडिलांना उचलायला माणूस पाहिजे, तुमच्या ओळखीत कोणी आहे का?" पुण्या-मुंबईत अशा कामासाठी ब्युरो आहेत, येथे लोक ज्याच्यावर विश्वास आहे त्यालाच विचारतात. तेव्हा उत्तर देण्याची जबाबदारी आपोआप आपल्यावर येते. 'बघतो' म्हणून विषय टाळणे किंवा पहिले आठवलेले नाव सांगून मोकळे होणे, हे दोन्ही चिकित्सकाला शोभणारे नाही. योग्य परिचारक कसा ठरवावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परिसर आणि परिस्थिती

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. तेव्हापासून हे प्रमाण वाढतच आहे. वृद्धत्वाबरोबर पक्षाघात, मधुमेहाचे उपद्रव, अस्थिभंग, स्मृतिभ्रंश व कर्करोग यांमुळे परावलंबी झालेल्या रुग्णांची संख्याही वाढणार, हे उघड आहे.

पैनगंगेच्या काठच्या या डोंगराळ, जंगली भागाची स्थिती थोडी वेगळी आहे. गोकुंदा येथे उपजिल्हा रुग्णालय आहे, तरी गंभीर रुग्णाला नांदेड, आदिलाबाद किंवा यवतमाळ गाठावे लागते. तेथून घरी पाठविलेला रुग्ण एकदम तांड्यावर किंवा गुड्यावर येऊन पडतो. मधला टप्पा कोणताच नसतो. त्यात दिवाळीच्या सुमारास तांड्यांवरील कर्ती माणसे ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. सुशिक्षित तरुण पुण्याला किंवा हैदराबादला नोकरी करतात. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले. अशा घरात परिचारक 'निवडला' जात नाही. जो मागे उरला तोच परिचारक होतो. पुष्कळदा ती तेरा-चौदा वर्षांची नात असते, आणि आजीला कूस बदलून देण्यासाठी तिची शाळा सुटते. कधी ती स्वतः गुडघ्यांनी अधू झालेली, सत्तरीची पत्नी असते. ज्या घरांत कर्ती माणसे आहेत तेथे हे काम विचार न करता सुनेकडे जाते. तिला ते करता येते का, जमते का, हे कोणी विचारीत नाही.

म्हणूनच निवडीचा विचार येथे चैनीचा नाही. चुकीच्या परिचारकामुळे रुग्णाला शय्याव्रण होतात आणि मुलीचे शिक्षण थांबते. नुकसान दोघांचेही होते.

शास्त्राची दृष्टी

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत : उपचारज्ञता, दाक्ष्य, रुग्णाविषयी अनुराग आणि शौच. सुश्रुताचार्यांच्या यादीत थोडी अधिक व्यावहारिक भर आहे. परिचारक स्नेहशील असावा, किळस न करणारा असावा, बलवान असावा, रुग्णाच्या रक्षणात तत्पर असावा, वैद्याचे सांगणे पाळणारा आणि न थकणारा असावा, अशी त्यांची अपेक्षा आहे. वाग्भटाचार्यांनी अनुरक्त, शुचि आणि दक्ष यांच्या जोडीला बुद्धिमान हा गुण ठेवला आहे.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. या गुणांत कोठेही 'नातेवाईक असावा' असे म्हटलेले नाही. अनुराग हवा, तो रक्ताच्या नात्यातूनच येतो असे शास्त्र गृहीत धरीत नाही. तसेच केवळ अनुराग पुरेसा आहे, असेही ते म्हणत नाही. प्रेम अपार आहे पण उचलता येत नाही, किंवा हात कुशल आहेत पण रुग्णाची किळस येते, असे दोन्ही परिचारक अपुरे होत.

दुसरी गोष्ट उपकल्पनीय अध्यायातील (चरक, सूत्रस्थान १५). संशोधनापूर्वी सिद्ध ठेवावयाच्या साधनांत आचार्यांनी माणसांचाही उल्लेख केला आहे, आणि तोही कामवार. अन्न शिजविणारा, स्नान घालणारा, अंग चेपणारा, उठविणारा व निजविणारा, औषध वाटणारा. म्हणजे 'परिचारक' ही एकच एक व्यक्ती असते, हा समज प्राचीन काळीही नव्हता. कामे आधी मोजली गेली आणि माणसे नंतर ठरली. आपल्या निवडीचा क्रमही हाच असावयास हवा.

रोग्याचे गुण आणि परिचारकाचे काम

कामे मोजावयाची कशी? यासाठी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायातील चौथा पाद उपयोगी पडतो. उत्तम रोग्याचे चार गुण आचार्यांनी सांगितले आहेत : स्मृति, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. पुढील मांडणी ग्रंथातील नाही, ती प्रस्तुत लेखकाची जोड आहे. पण व्यवहारात ती सोपी पडते. परावलंबी रुग्णाने या चारांपैकी कोणता गुण गमावला आहे, ते पाहावे. जो गुण गेला, त्याची भरपाई करणारा परिचारक शोधावा.

स्मृति गेली असेल तर रुग्ण औषध घेतल्याचे विसरतो, पुन्हा मागतो, रात्री उठून बाहेर चालू लागतो. येथे ताकदीपेक्षा सातत्य महत्त्वाचे. रोज तोच चेहरा, तीच वेळ, तोच क्रम. बारा-बारा तासांच्या बदलत्या माणसांनी असा रुग्ण अधिक गोंधळतो. भाषेचा मुद्दाही येथे निर्णायक ठरतो. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी सुटते आणि बालपणीची भाषा उरते. किनवट परिसरात मराठीबरोबर गोरमाटी, गोंडी, कोलामी, तेलुगू व दखनी बोलली जाते. आयुष्यभर बाजारात मराठी बोललेली कोलाम आजी अखेरीस फक्त कोलामीत पाणी मागू लागली, तर शहरातून आणलेली प्रशिक्षित बाई तिच्या काय कामाची? तिची भाषा जाणणारी शेजारीण, थोडे शिकवून घेतली तर, शतपट उपयोगी.

निर्देशकारित्व गेले असेल, म्हणजे सांगितलेले कळते पण शरीर ते करू देत नाही, तर दाक्ष्य आणि बल पाहावे. पक्षाघात, मणक्याचा आघात, खुब्याचा अस्थिभंग यांत हीच स्थिती असते. दर दोन तासांनी कूस बदलणे, बसते करणे, शौचास नेणे ही अंगमेहनतीची कामे आहेत. जड पुरुष रुग्णासाठी एकट्या कृश बाईची नेमणूक केली तर काही दिवसांत तिची पाठ धरते आणि दोन रुग्ण तयार होतात. येथे पुरुष परिचारक किंवा दोघांची जोडी हवी. स्नान व शौच यांसाठी रुग्णाच्याच लिंगाची व्यक्ती असावी, हा संकोचाचा विषय म्हणून न सोडता आधीच विचारून घ्यावा.

अभीरुत्व गेले असेल, रुग्ण भयभीत, निराश किंवा मरणासन्न असेल, तर अनुराग सर्वांत वर. अखेरच्या अवस्थेतील कर्करोगाच्या रुग्णाला रात्री जवळ बसणारे, हात धरणारे, घाई न करणारे माणूस लागते. सुश्रुतांनी व्रणिताच्या उपासनेत प्रिय बोलणाऱ्या सुहृदांना स्थान दिले आहे, ते उगीच नव्हे. ही जागा शक्यतो घरच्याने घ्यावी आणि स्वच्छता-कपड्यांची कामे बाहेरच्या मदतनिसाकडे द्यावीत. आपल्याकडे नेमके उलटे घडते : घरचे सारे धुण्या-पुसण्यात थकतात आणि रुग्णाजवळ बसावयास कोणी उरत नाही. वेदना तीव्र असतील तर वेदनाशमनाची सोय आधी लावावी. वेदनेने तळमळणाऱ्याला केवळ धीर देऊन भागत नाही.

ज्ञापकत्व गेले असेल, वाचा गेली किंवा शुद्ध हरपली, तर परिचारकच रुग्णाची जीभ होतो. येथे उपचारज्ञता हवी. लघवीचे प्रमाण घटले, टाचेवर लाली आली, घास गिळताना ठसका लागतो, श्वास घरघरतो, या खुणा ज्याला वेळेवर दिसतात व ज्याला त्या वैद्याला सांगता येतात, असे माणूस हवे. नळीने आहार किंवा लघवीची नळी असेल तर प्रशिक्षित व्यक्तीची देखरेख अनिवार्य समजावी.

बहुतेक रुग्णांत दोन किंवा तीन गुण एकदम गेलेले असतात. तेव्हा एकाच माणसात सर्व शोधत बसण्यापेक्षा कामे विभागावीत.

परिचारकांचे चार प्रकार

उपलब्ध माणसांचे स्थूलमानाने चार वर्ग करता येतील.

१. घरातील व्यक्ती. अनुराग व भाषा यांत श्रेष्ठ. मात्र तिची निवड 'मोकळी आहे' म्हणून होऊ नये. अठरा वर्षांखालील मुला-मुलींवर मुख्य जबाबदारी कधीही टाकू नये, आणि ज्याच्यावर टाकली त्याला आठवड्यातून एक दिवस तरी सुटी मिळेल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी ठरवावी. परिचारकाची झोप हाही चिकित्सेचा भाग आहे.

२. गावातील मदतनीस. ज्यांना आपण मावशी किंवा मामा म्हणतो. औपचारिक शिक्षण नसते, अनुभव पुष्कळदा असतो. स्नान, आहार, कूस बदलणे, सोबत यांसाठी उत्तम. सुई, नळी, जखमेचे ड्रेसिंग ही कामे यांच्याकडे देऊ नयेत.

३. प्रशिक्षित रुग्णसहायक. रुग्णालयात काम केलेले किंवा कौशल्य विकासाच्या अभ्यासक्रमातून रुग्णसेवा शिकलेले. पक्षाघात व अस्थिभंगानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत यांची गरज सर्वाधिक. प्रमाणपत्र पाहावे, पण त्यावर थांबू नये. प्रत्यक्ष रुग्णाला कूस बदलून दाखवावयास सांगावे.

४. नोंदणीकृत परिचारिका. एएनएम किंवा जीएनएम शिक्षण पूर्ण करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंद झालेली. नळी, इंजेक्शन, सलाईन, खोल व्रण यांसाठी हीच. पूर्ण वेळ परवडत नसेल तर आठवड्यातून दोन-तीन भेटी ठरवून बाकी काम दुसऱ्या किंवा पहिल्या वर्गाकडे द्यावे. आपल्या भागात हीच मिश्र पद्धत अधिक व्यवहार्य आहे.

आशा कार्यकर्ती या चारांत येत नाही, हे नातेवाइकांना स्पष्ट सांगावे. तिच्याकडे साऱ्या गावाचे काम असते. ती मार्ग दाखवील, आरोग्य केंद्राशी गाठ घालून देईल. अंथरुणाशी बसणे तिच्या कामात नाही. उपकेंद्रांवरील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांत आपले अनेक आयुर्वेद पदवीधर आहेत. अशा रुग्णाची माहिती त्यांना दिल्यास गृहभेटीचा उपयोग होतो.

आयुर्वेदीय उपक्रमांची मर्यादा

आपल्या चिकित्सेत परिचारकाच्या हाती पुष्कळ काही जाते, म्हणून येथे विशेष दक्षता हवी. अभ्यंग शिकविता येतो. पण लाल झालेल्या शय्यास्थानावर चोळू नये, आणि एकाच पोटरीला अचानक सूज व वेदना आली असेल तर तेथे मर्दन न करता त्वरित तपासणीस पाठवावे. रक्ताची गुठळी असल्यास मर्दन जिवावर बेतते. अभ्यंगानंतर तेलकट पायांनी रुग्णाला फरशीवर उभे करू नये. मधुमेही रुग्णाच्या बधिर पायाला शेक देणे परिचारकाच्या मर्जीवर कधीही सोडू नये. कातडी भाजली तरी रुग्णाला कळत नाही. पक्षाघातात लुळा हात धरून ओढत उठवू नये, खांदा निखळतो. गिळण्याची परीक्षा झाल्याशिवाय काढा, पेज, पाणी काहीही आडवे निजवून पाजू नये.

घरी बस्ती किंवा नस्य द्यावयाचे असल्यास ते वैद्याने किंवा आपल्या देखरेखीखाली काम केलेल्या पंचकर्म सहायकाने द्यावे. 'मावशींना दाखवून ठेवले आहे' हे उत्तर पुरेसे नाही.

औषधे अनेक असतील आणि परिचारकाला वाचता येत नसेल, तर डब्यांवर खुणा कराव्यात. सकाळच्या डबीवर सूर्य, रात्रीच्या डबीवर चंद्र, जेवणानंतरच्यावर ताट. साध्या चित्राने मोठा घोळ टळतो.

निवडीच्या वेळी काय विचारावे?

नातेवाइकांना पुढील मुद्दे लिहून द्यावेत :

* यापूर्वी कोणत्या प्रकारच्या रुग्णाची सेवा केली? त्या घरी चौकशी करता येईल का?
* रुग्ण औषध घेण्यास नकार देतो, चिडतो, हात उगारतो, तेव्हा काय कराल? (उत्तरापेक्षा उत्तर देतानाचा चेहरा पाहावा.)
* मलमूत्र काढण्याची तयारी आहे का? हे आधी स्पष्ट विचारावे. लाजेने टाळलेला प्रश्न चौथ्या दिवशी भांडण होऊन बाहेर येतो.
* स्वतःची प्रकृती कशी आहे? दीर्घकाळचा खोकला असल्यास तपासणी झाली आहे का?
* कोणत्या परिस्थितीत लगेच फोन कराल? किमान तीन खुणा सांगता आल्या पाहिजेत.

ओळखपत्राची प्रत घ्यावी आणि पोलीस ठाण्यात माहिती द्यावी. पहिला आठवडा परीक्षेचा समजावा. त्या काळात घरचे एक माणूस सोबत असावे. एक साधी वही ठेवावी : आहार, पाणी, लघवी, शौच, झोप, औषध, कूस बदलल्याची वेळ. लिहिता येत नसेल तर घरातील कोणी रेघा माराव्यात. वैद्याने प्रत्येक भेटीत प्रथम ही वही मागावी. वही पाहिली जाते हे कळले की ती भरली जाते.

आठवड्यानंतर रुग्णाकडे पाहावे. अंगाला वास येत नाही, नखे कापलेली आहेत, पाठीवर लाली नाही, आणि परिचारक खोलीत आल्यावर रुग्ण दचकत नाही, ही चार लक्षणे प्रमाणपत्रापेक्षा मोलाची आहेत. याउलट रुग्ण दिवसभर गुंगीत असेल, अंगावर न सांगता येणाऱ्या खुणा दिसत असतील, तर त्याच दिवशी हस्तक्षेप करावा.

मोबदला आणि मान

परिचारकाला दिला जाणारा मोबदला हा आपल्या समाजात अवघड विषय आहे. सेवेचे पैसे कसे घ्यावेत आणि कसे द्यावेत, असा संकोच दोन्हीकडे असतो. मग पगाराऐवजी 'घरच्यासारखे' वागविण्याचे आश्वासन मिळते. घरच्यासारखे म्हणजे चोवीस तास काम, असा त्याचा अर्थ पुढे होतो. या कामाकडे हलके म्हणून पाहण्याची वृत्ती जुनी आहे. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सेवासदनाने विधवा व परित्यक्ता स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण देण्याचे काम हाती घेतले, तेव्हाही तिला हाच विरोध सोसावा लागला. शंभराहून अधिक वर्षांनी तरी आपण पुढे जावयास हवे.

कामाचे तास, साप्ताहिक सुटी, जेवण, झोपण्याची जागा व महिन्याची रक्कम हे सर्व कागदावर लिहावे. मोठी उचल देऊन माणूस बांधून ठेवू नये. उचलीचा जाच काय असतो हे या भागाला सांगावयास नको. ऊसतोडीतून सुटलेली बाई रुग्णाच्या घरी त्याच फासात अडकू नये. घर हे देखील स्त्रीचे कामाचे ठिकाण आहे आणि लैंगिक छळापासून संरक्षण देणारा २०१३ चा कायदा तेथे लागू होतो. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ च्या अधिनियमान्वये कल्याण मंडळाची तरतूद आहे. तेथील नोंदणीची माहिती अशा स्त्रियांना द्यावी.

खर्चाविषयी कुटुंबाला खोटी आशा देऊ नये. आयुष्मान योजनेत २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले, पण ते रुग्णालयातील उपचारांसाठी आहे, घरच्या परिचारकासाठी नाही. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन २०२३ मध्ये दरमहा १५०० रुपये झाले. त्यात पूर्ण वेळ माणूस येत नाही. मुले समर्थ असून सांभाळ करीत नसतील तर आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ नुसार उपविभागीय पातळीवरील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. मार्गदर्शनासाठी १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक दुकानात दर्शनी भागी लावावा.

औषध विक्रेत्यांची भूमिका

वैद्य रुग्णाला पंधरा दिवसांनी पाहतो. औषध दुकानदार त्याच्या परिचारकाला दर दोन दिवसांनी पाहतो. ही मोठी संधी आहे. कोण येते, काय नेते, काय विचारते, यावरून घराची स्थिती कळते. व्रणाची मलमे व पट्ट्या वाढू लागल्या म्हणजे कूस बदलली जात नाही, असा संशय घ्यावा. प्रौढांचे डायपर नेणाऱ्याला ते किती वेळाने बदलता, हे सहज विचारावे. शाळेच्या गणवेशातील मुलगी महिनाभर आजीची औषधे नेताना दिसली तर ती शाळेत कधी जाते, याची चौकशी करावी.

झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत विशेष कठोर राहावे. अल्प्राझोलामसारखी औषधे २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि त्यांची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. हा नियम केवळ कागदी नाही. थकलेला परिचारक रात्र शांत जावी म्हणून रुग्णाला जादा गोळी देतो, असे घडू शकते. 'आजोबा रात्री झोपू देत नाहीत' हे वाक्य काउंटरवर ऐकू आले तर गोळी देण्याऐवजी निरोप वैद्याला द्यावा. अशा वेळी रात्रीसाठी दुसरे माणूस हवे, हे बहुधा खरे उत्तर असते. याच न्यायाने 'आयुर्वेदिक आहे, काही होत नाही' म्हणून निद्राकर कल्पही परस्पर देऊ नयेत.

संघटनेने काय करावे?

एकेका वैद्याने ओळखीतून माणसे सुचविण्याला मर्यादा आहे. तालुका शाखेने हे काम हाती घेतल्यास चित्र बदलू शकते. अल्पशिक्षित ग्रामीण स्त्री नीट शिकविली तर घरात जाऊन किती कुशल सेवा देऊ शकते, हे शेजारच्या विदर्भाने जगाला दाखविले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील आरोग्यदूत स्त्रियांना घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकविले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तुलनेच्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला. तेथील विषय बालकांचा होता, आपला वृद्धांचा आहे. परंतु जवळचीच बाई, मोजकी कामे, नेमके शिक्षण आणि नियमित देखरेख हे सूत्र येथेही लागू पडते. केरळात १९९३ मध्ये कोझिकोड येथून सुरू झालेल्या परिहार-सेवेच्या चळवळीने शेजाऱ्यांनाच शिकवून दीर्घरुग्णांच्या घरी पाठविले, आणि २००८ मध्ये त्या राज्याने याविषयी स्वतंत्र धोरण स्वीकारले.

आपल्या शाखेला तीन गोष्टी सहज करता येतील. पहिली, तालुक्यातील विश्वासू मदतनिसांची यादी; तिच्यात भाषा, अनुभव आणि कोणती कामे जमतात हे नोंदवावे. दुसरी, वर्षातून दोनदा त्यांच्यासाठी शिबिर. कूस बदलणे, तोंडाची निगा, गिळविणे, शय्याव्रण ओळखणे, वही ठेवणे, एवढाच अभ्यासक्रम पुरे. पैकी एक शिबिर दिवाळीपूर्वी घ्यावे, म्हणजे स्थलांतराला निघणाऱ्या कुटुंबांना मागे राहणाऱ्यांची व्यवस्था लावून जाता येईल. तिसरी, प्रत्येक सदस्याने दीर्घरुग्णाच्या चिठ्ठीवर औषधांखाली एक ओळ वाढवावी : परिचारक कोण, आणि त्याला काय शिकविले.

ही ओळ लिहावयास अर्धा मिनिट लागतो. तिच्यामुळे नातेवाइकांना कळते की परिचारक हा चिकित्सेचाच भाग आहे, परिचारकाला कळते की त्याचे काम वैद्याच्या नजरेत आहे, आणि आपल्यालाही प्रत्येक वेळी स्वतःला विचारावे लागते की हे औषध कोणाच्या हाताने रुग्णापर्यंत पोहोचणार. तो हात सुनेचा असो, शेजारणीचा असो वा पगारी मामांचा. जाणता, स्वच्छ आणि मायेचा असावा, आणि त्यालाही अधूनमधून विसावा मिळावा, एवढी व्यवस्था वैद्य आणि औषध विक्रेते मिळून निश्चित करू शकतात.